शब्दचर्चा : शेवळं, लोत आणि काकडं

मूळ नागपूरकर
बदली होऊन वसईला आलोय. शेजारच्या काकूंनी बायकोला बजावलं, "बाजारात शेवळं दिसली तर काकडं बरोबर घे, नाहीतर घसा धरेल." आमच्याकडे पावसाळ्यात तरोटा, काटवल, वास्ते सगळं खातात, पण हे दोन्ही शब्द नवे. शब्दकोश उघडला आणि थेट शेवाळावर घसरलो. काकडं म्हणजे काकड्या का? आणि घसा धरणं म्हणजे आवाज बसणं की आणखी काही?

वसईकर
काकडी अजिबात घालू नका! काकड हे जंगलातलं झाड आहे, काही जण त्याला कुडक म्हणतात. सालई-गुग्गुळाच्या कुळातलं. त्याची हिरवी, गोल, आवळ्याएवढी आंबट फळं म्हणजे काकडं. मे संपता संपता आदिवासी बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात, तेव्हा शेजारीच काकडांचा वाटा लावलेला असतो.

शेवळ म्हणजे वीतभर लांब, टोकाकडे निमुळतं, तांबूस-जांभळट खोळ असलेलं. खोळ उलगडून टाकायची. आत दांडा असतो, त्याच्या बुडाशी पिवळट दाणेदार भाग असतो, तोही काढून टाकायचा, खाज जास्त तिथेच. हाताला आधी तेल लावा. उरलेलं बारीक चिरून काकडाच्या रसात शिजवायचं, आणि मग वाल, कोलंबी किंवा खिमा, ज्याच्या घरी जे चालतं ते.

घसा धरणं म्हणजे इथे खवखवणं. अळू खाजरं निघालं की होतं तेच. शेवळ, अळू, सुरण एकाच कुळातले, तिघांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेला-घशाला टोचतात. म्हणून आंबट हवंच.

भाषाप्रेमी
शेवाळ संस्कृत ‘शैवाल’वरून, पाण्यातलं. शेवळ जमिनीतलं. दोघांचा अर्थाने काही संबंध नाही. आणि कुणी विचारायच्या आत सांगतो, काकड आरतीतला काकडा म्हणजे पेटती वात, तिचाही या फळाशी संबंध नाही :)

शेवळं म्हणजे रानटी सुरणाचे कोंब, असं म्हटलं तर चालेल ना?

जव्हारची
नाही चालणार. कोंब नव्हे, ते फूल आहे. या झाडाला आधी फूल येतं आणि मग पान. पहिल्या सरीच्या आसपास जमिनीतून नुसता फुलाचा दांडा वर येतो, पानाचा पत्ताच नसतो. तेवढंच दिसतं म्हणून लोक कोंब समजतात. सुरण याच्या जातभाईंपैकी, पण बाजारातला सुरण वेगळा.

पाऊस लागला की फूल संपतं आणि पान येतं. त्या कोवळ्या पानाला आमच्याकडे लोत म्हणतात. लोत आणि शेवळ एकाच कंदातून येतात, पण दोन वेगळ्या भाज्या आहेत, दोन वेगळ्या वेळच्या. ‘शेवळाची पानं’ असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. लोतसुद्धा खाजतं, त्यालाही आंबट लागतं. काकडं तोवर संपली असतील तर चिंच घालतात.

दुसरं म्हणजे क्रियापद. शेवळं उपटत नाहीत. कंद जमिनीत राहू देऊन वरचा भाग काढतात, म्हणजे पुढच्या वर्षी तिथेच येतं. लोत खुडायचं. टाकळ्याचे शेंडे खुडायचे. वर्तमानपत्रात छापतात ‘आदिवासी महिला रानभाज्या तोडून आणतात’. तोडायला ती काय लाकडं आहेत?

झाडीपट्टी
नागपूरकर, तुमचा तरोटा म्हणजेच तिकडचा टाकळा, वसईत तो टाकळा म्हणूनच मागा. पाऊस पडल्यावर आठ-पंधरा दिवसांत उगवतो तेव्हाचा कोवळा. फुलावर आला की उग्र लागतो, मग कुणी हात लावत नाही. काटवल म्हणजे कर्टोली, तिथे कंटोळी. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. गडचिरोली-चंद्रपूरकडे वास्ते हा अगदी रोजचा शब्द. त्याला मात्र कोंब म्हणायला हरकत नाही :)

पणजीकर
गोव्यात टाकळ्याला तायकिळो. खोबरं आणि फणसाच्या बिया (आमची बिकणां) घालून करतात. कर्टोलीला फागलां. शेवळाला लूत म्हणतात. लोत आणि लूत शेजारी ठेवून बघा, फरक फक्त स्वराचा.

भाषाप्रेमी
हे फार छान. म्हणजे पालघरला लोत पानाला आणि गोव्यात लूत फुलाला, असं?

पणजीकर
आमच्या घरात तरी लूत म्हटलं की पूर्ण भाजी, पान-फूल वेगळं करत नाहीत. बाजारातली बाई काय म्हणते, ते ऐकलं पाहिजे.

मूळ नागपूरकर
एक शंका अजून. ‘रानभाजी’ हा शब्द आदिवासी लोकांचाच का?

जव्हारची
आमच्या घरात आजी नुसतं ‘भाजी’ म्हणायची. बाकीची, म्हणजे कोबी-फ्लॉवर, ती ‘बाजारची भाजी’. रानभाजी हा शब्द कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवामुळे सगळीकडे गेला. 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमाराला जिल्ह्याजिल्ह्यांत तो होतो. शब्द वाईट नाही, बाजारात उपयोगी पडतो. पण महोत्सवात शेवळं शोधू नका, ऑगस्टपर्यंत त्यांचं कधीच संपलेलं असतं. तिथे भारंगी, कर्टोली, फोडशी भेटतील.

आणखी एक शब्द सांगून ठेवते, ‘कोवळी भाजी’. वारली-कोकणा घरांत हा पावसाळ्याच्या सुरुवातीचा एक विधीच आहे. पहिली कोवळी भाजी आधी देवाला, मग घरात. ते झाल्याशिवाय नवी पालेभाजी तोंडात घालत नाहीत. तुम्ही याचं भाषांतर ‘कोवळ्या भाज्यांचा सण’ करू नका, तिथे तेवढी गर्दीही नसते.

वसईकर
फोडशी म्हणजे दिसायला कांद्याची पात. कुलूची भाजी असंही म्हणतात. मधली जाड दांडी काढून टाका आणि बुडखा तीन-चार पाण्यांत धुवा, नाहीतर पांढऱ्या भागात माती अडकून राहते आणि दाताखाली कचकच येते. फोडशीला आंबट काही लागत नाही. कांदा, लसूण, मिरची, बस.

झाडीपट्टी
शब्दांचा धागा आहे, पाककृती टाकली की संपादक ओरडतील :)

वसईकर
शेवळ हा शब्द पाककृतीशिवाय समजावून दाखवा, मग ओरडू द्या.

मूळ नागपूरकर
शेवटचं विचारतो. बाजारात मागताना शेवळ म्हणायचं की शेवळं? आणि शेवळ नपुंसकलिंगी धरायचं ना?

भाषाप्रेमी
एक शेवळ, अनेक शेवळं. ते शेवळ, ती शेवळं. काकडाचंही तसंच, एक काकड, अनेक काकडं. षष्ठीला ‘शेवळाची जुडी’.

वसईकर
जुडीवरच विकतात, तेव्हा ‘जुडी केवढ्याला’ एवढंच विचारा. मूठभर काकडं बाई स्वतःहून टाकते, नाही टाकली तर मागून घ्या. काकडं संपली असतील तर चिंच चालते, पण कोळ दाट काढा. आणि घासाघीस करू नका. ती बाई पहाटेच्या गाडीनं आलेली असते.

मूळ नागपूरकर
बायकोला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणते, यंदा आधी टाकळा आणू, शेवळं काकूंच्या हातची खाऊ.