बातमी ‘देणे’ आणि बातमी ‘काढणे’

‘शोधपत्रकारिता’ या शब्दातला ‘शोध’ नेमका कोणता, ही शंका रास्त आहे, कारण मराठीत शोध लावतातही आणि शोध घेतातही. वाफेच्या इंजिनाचा शोध लावला जातो, हरवलेल्या माणसाचा घेतला जातो. पत्रकाराचा शोध या दुसऱ्या जातीचा आहे; कोणीतरी दडवून ठेवलेली गोष्ट कागद चाळून, माणसे गाठून तो उजेडात आणतो. ‘तपास’ म्हटले की पोलीस डोळ्यांपुढे येतात आणि ‘अन्वेषण’ सरकारी खात्याच्या पाटीवरच शोभतो. वृत्तपत्राच्या कचेरीत मात्र साधे ‘बातमी काढली’ असे म्हणतात, आणि मला तोच प्रयोग सर्वांत नेमका वाटतो.

रेडिओवर आपण लहानपणापासून ‘अमुक आपल्याला बातम्या देत आहे’ असेच ऐकत आलो. इथे क्रियापद ‘देणे’ आहे, आणि खासगी रेडिओपुरते तर ‘काढणे’ नियमातच बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 रोजी प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. (त्यांना ‘ध्वनिलहरी’ म्हणणे चूक आहे, मनोऱ्यापासून आपल्या संचापर्यंत येतात त्या रेडिओलहरी, ध्वनी उमटतो तो संचातल्या कर्ण्यातून.) म्हणजे खासगी केंद्राची ‘मालकी’ स्टुडिओ आणि यंत्रसामग्रीपुरतीच असते, लहरींचा केवळ परवाना असतो, आणि त्या अर्थाने ‘परवानाधारक’ हाच शब्द खरा.

या परवान्याला अट आहे. 2011 च्या धोरणानुसार खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीची बातमीपत्रे फेरफार न करता ऐकवता येतात. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, स्थानिक प्रशासनाने कळवलेल्या वीज-पाण्याच्या सूचना यांना त्या धोरणाने बातमी मानलेले नाही. त्यामुळे ‘उद्या पाणी येणार नाही’ असे निवेदक सांगू शकतो, पण नळ का फुटला आणि त्या कामाचे कंत्राट कोणाला दिले होते याचा पाठपुरावा केंद्राने सुरू केला, की ती बातमी ठरते. जनतेच्याच लहरींवर जनतेच्या पाण्याविषयी विचारता येऊ नये, हे मला मनापासून खटकते.

आकाशवाणीकडे जिल्ह्याजिल्ह्यांत वार्ताहर आहेत. खासगी रेडिओच्या शब्दसंग्रहात मात्र निवेदक आहे, आरजे आहे, पण ‘वार्ताहर’ नाही.