मदत हवी आहे: पहिला क्विकड्रॉ सेट, दादांचा जुना घ्यावा का?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापूर भागातला. क्लाइंबिंगला आमच्या ग्रुपबरोबर बदामीला जातो. दोर, हार्नेस, शूज माझे आहेत, क्विकड्रॉ (मध्ये कापडी पट्टी आणि दोन टोकांना कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या; एक कडी बोल्टला, दुसरी दोराला) मात्र ग्रुपचेच वापरत आलो. आता मी आणि मामेभाऊ दोघंच जाणार, म्हणून स्वतःचा सेट हवाय.

रूटवर खडकात बसवलेले बोल्ट अधिक वरच्या टोकाच्या अँकरचे दोन, या हिशेबाने १२ पुरावेत. त्यातले आठ १२ सेंमीचे, चार १७-१८ सेंमीचे. बोल्ट बाजूला किंवा छताखाली असला की आखूड ड्रॉमुळे दोर नागमोडी जातो आणि वर ओढताना फार जड लागतो. बोल्टकडे कीलॉक (तोंडाला आकडा नसलेला) कॅराबिनर, म्हणजे काढताना हँगरमध्ये, म्हणजे बोल्टवरच्या धातूच्या कानात, अडकणार नाही. दोराकडे वायरगेट (तारेचं गेट असलेला), कारण हलकं असतं आणि पडल्यावर झटक्याने उघडण्याची शक्यता कमी. डायनिमा या धाग्याची पट्टी हलकी खरी, पण रूटचा पुन्हापुन्हा सराव करताना ड्रॉ हातात धरावा लागतो, तेव्हा नायलॉनची जाड पट्टीच बरी. एवढं ठरलंय.

अडलंय ते पुढे. ज्यांनी मला दोराची पहिली गाठ शिकवली ते ग्रुपमधले दादा आपला जुना सेट मला देतायत, पैसे घ्यायला तयारच नाहीत. कॅराबिनर छान दिसतात, ताकदीचा २२ किलोन्यूटनचा छाप स्पष्ट आहे. पण पट्टीवर साल २०११. त्यांना नको म्हणवत नाही, आणि त्या पट्ट्यांवर मामेभावाला लीड (दोर बोल्टला अडकवत पहिल्याने चढणं) करू द्यायलाही मन धजत नाही.

फक्त नव्या पट्ट्या घेऊन त्याच कॅराबिनरना जोडल्या तर? भीती वाटते ती कॅराबिनर पट्टीत जागेवर धरून ठेवणाऱ्या छोट्या रबराची. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये ओर्पिएरला टिटो ट्रावेर्सा हा १२ वर्षांचा इटालियन मुलगा पडून गेला, तो चुकीच्या जोडलेल्या ड्रॉमुळेच. कॅराबिनर पट्टीत नव्हते, नुसत्या रबरात अडकवलेले होते. कुणी हे काम घरी केलं असेल तर कृपया नीट सांगा.

प्रतिसाद:

पट्ट्या बदलाच. वापर नसला तरी कापड जुनं होतं. बहुतेक कंपन्या त्याला जास्तीत जास्त १० वर्षं देतात. धातूला तशी मुदत नाही, पण गेट सोडल्यावर आपोआप पूर्ण मिटतं का, दोराने खाच पाडलीय का, कडेला नखाला लागेल अशी धार आलीय का, हे एकेक बघा. शंका आली तो बाद.

जुन्या पट्ट्या काढण्याआधीच बोल्टकडच्या कॅराबिनरना रंगीत टेप लावा. हँगर धातूला ओरखडे पाडतो, त्यावरून दोर गेला तर तो कापतो, म्हणून त्यांची अदलाबदल कधीच नको. एरवी रबर असेल ती दोराची बाजू.

नवी पट्टी आणि तिचं रबर एकाच कंपनीचं, कॅराबिनरच्या जाडीला बसणारं घ्या. आधी कॅराबिनर शिवलेल्या फासातून ओवायचा, मग रबर. जोडून झालं की रबर सरकवून धातूवर खरंच पट्टी आहे ना ते पाहा. दुसऱ्या माणसाने प्रत्येक ड्रॉ पुन्हा तपासायचा.

या कामाला दादांनाच घरी बोलवा. त्यांनी दिलेला धातू तुमच्याकडे राहील, आणि तपासायला अनुभवी डोळेही मिळतील. जुन्या पट्ट्या कात्रीने कापून टाका, नाहीतर कुणीतरी उचलून वापरेल.