व्हर्मेरची मोतीवाली करतेय, चेहरा खडूसारखा पांढरट होतोय

गौरी_चिपळूण:
तैलरंगात पोर्ट्रेट शिकायचं म्हणून सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मेरच्या 'गर्ल विथ अ पर्ल इअरिंग'ची नक्कल करायला घेतली आहे. चौकटी आखून रेखाटन केलं, ते बरं जमलंय. पण उजळ करायला पांढरा घातला की चेहरा खडूसारखा दिसतो आणि सावलीत काळा मिसळला की राखाडी. त्यात हा पाऊस, थर वाळतच नाही. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, व्हर्मिलियन, अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक एवढ्या ट्यूब आहेत. आणखी कोणता रंग आणू?

तेलपाणी:
छापील चित्रावरून करताय का? प्रिंटमध्ये सावल्या मिटून जातात. हे चित्र ज्या संग्रहालयात आहे त्या माउरिट्सहाउसच्या साइटवर मोठी प्रतिमा फुकट मिळते, ती टॅबवर ठेवा.

निवृत्त_कलाशिक्षक:
गौरीताई, नवीन ट्यूब आणू नका, आहेत त्या पुष्कळ झाल्या. तुम्ही वरच्या रंगाची नक्कल करताय, त्याखालचं काम झालंच नाहीये. व्हर्मेरनं आधी तपकिरी आणि काळ्या छटांत उजेड-अंधार मांडून घेतला, कातडीचा रंग नंतर. तुम्हीही बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून अख्खं डोकं एका रंगात उभं करा. अंबर लवकर वाळतो, तुमच्या पावसाळ्यात तेच सोयीचं. आयव्हरी ब्लॅक रेंगाळतो, खालच्या थरात नकोच. वरच्या थरांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत न्या. उलटं केलंत तर पुढे तडे जातील.

मग उजेडाच्या बाजूला रंग जाड, सावलीत पातळ. गालाच्या सावलीत पांढरा घालूच नका, खालचा तपकिरी दिसू द्या. निम्मा पांढरटपणा तिथेच जाईल.

आता नाक बघा. आपल्या डाव्या हाताला नाकाची कड आणि पलीकडचा गाल यांच्यात रेषाच नाही, दोन्ही एकाच उजेडात मिसळलेत. आपल्याला नाक 'माहीत' असतं म्हणून हात आपोआप रेषा ओढतो. ती ओढली असेल तर आत्ताच पुसा. मोत्याचंही तेच. वर पांढऱ्याचा एक जाड ठिपका, खाली कॉलरचं मऊ प्रतिबिंब, बस्स. कानात अडकवायची कडीसुद्धा रंगवलेली नाही! आणि ओठांच्या कोपऱ्यातला बारीक गुलाबी ठिपका विसरू नका. 1994 मध्ये चित्र साफ करताना तो सापडला.

शंकेखोर:
एवढी मेहनत कॉपीवर कशाला? आईला खिडकीशी बसवा आणि तिचं पोर्ट्रेट करा.

निवृत्त_कलाशिक्षक:
करायचंच आहे, पण आई तासाभरात उठते, ही मुलगी 1665 च्या आसपासपासून बसलीय. शिवाय पुढे कॅनव्हास आईसाठी मांडाल तेव्हा काय पाहायचं ते डोळ्याला ठाऊक हवं. फक्त आकार मूळचाच घ्या, 44.5 बाय 39 सेंटीमीटर. दुप्पट केलात की हाताची चाल बदलते.

गौरी_चिपळूण:
धन्यवाद काका! माझं तर जवळजवळ दुप्पटच आहे, मग नवीन कॅनव्हास घेते. पार्श्वभूमी मात्र सरळ काळीच करू ना?

निवृत्त_कलाशिक्षक:
नाही. ती मुळात हिरवी होती, 2018 च्या तपासणीत तर पडद्याच्या घड्याही दिसल्या. गडद थरावर नीळ (इंडिगो) आणि वेल्ड नावाच्या वनस्पतीचा पिवळा यांची झिलई, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर होता, तो विटला म्हणून पार्श्वभूमी आज काळी दिसते. तुम्ही अंबर आणि अल्ट्रामरीनचा गडद थर द्या, पूर्ण वाळू द्या, मगच हिरवट झिलई. आणि अंबरचा टप्पा झाला की फोटो टाका, त्याआधी कातडीचा रंग पॅलेटवर काढू नका.