मदत हवी आहे : भाताच्या लोंब्या अर्ध्या पोचट, कारण काय?

नमस्कार मंडळी. राजापूरकडे आमची खाडीलगतची खाचरं आहेत. यंदा कर्जत ३ हे वाण लावलं, त्यात मधेच उंच, लांब कुसळांची रोपं आलीत. दाणा सोलला तर लाल, हात लावताच गळतो. रानभाताचं रक्त आहे हे नक्की. पण त्यातल्या काहींच्या लोंब्या निम्म्या पोचट. शेजारचं भात मात्र टच्च भरलंय. ढेकण्याचे (दाण्यातला रस शोषणारा किडा) डागही नाहीत.

इंडिका आणि जपोनिका या भाताच्या दोन मुख्य कुळींच्या संकरात सहाव्या गुणसूत्रावरची एस-५ ही जनुकांची जागा वांझपणा आणते, हे वाचलंय. तिथे एक जनुक मारेकरी, दुसरं त्याचा साथीदार, तिसरं रक्षक. रक्षक नसलेला बीजकोश (फुलातला मादी भाग, ज्यातून दाणा धरतो) मरतो. पण आमच्याकडची दोन्ही भातं इंडिकाच्याच कुळीतली असणार ना? मग हे कसं?

मागाहून फुटलेल्या लोंब्यांतले परागकण आयोडीन लावून पाहायचे म्हणतोय. काळेनिळे ते चांगले, पिवळट ते वांझ. पण दोष बीजकोशात असेल तर पराग ठणठणीतच दिसणार! मग कर्जत ३ चे पराग त्या फुलांवर टाकून दाणे भरतात का, हे पाहू? दापोलीच्या कृषी विद्यापीठातलं किंवा कर्जतच्या भात संशोधन केंद्रातलं कोणी असेल तर जरा लवकर सांगा, दाणे गळायच्या आत ही रोपं उपटायचीत.