विक्रेत्याची प्रोफाइल स्क्रिप्टने चाळणं: सावधपणा की पाळत?

रानवारा
'वापरलेली वस्तू घेण्याआधी विक्रेत्याची कुंडली काढा' हा लेख वाचला आणि गप्प बसवेना. लेखकाचं म्हणणं असं की जाहिरातीत जे उघड दिसतं, ते गोळा करायला कुणाला विचारावं लागत नाही. सोबत स्क्रिप्टही, म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रामही, दिली आहे. प्रोफाइलचा आयडी दिला की ती त्या माणसाच्या चालू आणि काढून टाकलेल्या जाहिराती, फोटो, वेळा, भाग, सगळं एका तक्त्यात भरते.

घर बदलताना मी पाळणा, कपाट, सायकल विकायला टाकली होती. एकाने सगळ्या जाहिराती जोडून निरोप धाडला: 'बाळ मोठं झालं वाटतं. घरी एकट्याच असता का?' फोटोतल्या खिडकीतून दिसणारी टाकीही त्याने ओळखली होती. एकेका जाहिरातीत काहीच नव्हतं. एकत्र केल्यावर त्यात माझं घर आणि माझी दिनचर्या दिसत होती. हे काम आता प्रत्येकाच्या हातात द्यायचं?

टोकन
लेख माझाच. ताई, तुमच्याशी जे झालं ते संतापजनक आहे. पण त्याला स्क्रिप्ट कुठे लागली? 'या विक्रेत्याच्या इतर जाहिराती' साइट स्वतःच दाखवते. आगाऊ रक्कम भरून बसलेल्यांचं काय करायचं? एका कॅमेऱ्याचा फोटो मी उलट शोधाला लावला, म्हणजे तो फोटो नेटवर आणखी कुठे आहे ते शोधलं, तर तोच फोटो तीन वेगळ्या नावांनी, तीन वेगळ्या ठिकाणी. टेबलावरचा चहाचा डागसुद्धा तोच. टिनआय ही फोटो शोधणारी साइट २००८ पासून हेच करतेय, तिला कुणी पाळत म्हणत नाही.

रानवारा
फोटो शोधा की, कोण अडवतंय! मी माणसाच्या नोंदी साठवण्याबद्दल बोलतेय. मी काढून टाकलेली जाहिरात तुमच्या तक्त्यात का राहावी?

पारखी
खात्याचं वय आणि रेटिंग बघून निर्धास्त होणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. फसवणारे दर वेळी नवं खातं उघडतातच असं नाही. फुटलेल्या पासवर्डने कुणाचं तरी जुनं, चांगल्या शेऱ्यांचं खातंही बळकावतात. स्क्रिप्ट त्याला 'विश्वासू' म्हणेल. आधी सायकली विकणारा अचानक नुसते महागडे फोन विकू लागला, तर तिथे थांबायचं. ते डोळ्यांनाही दिसतं.

थेटमालक
फसवे राहू द्या, मुळावर आलेत ते दलाल! 'स्वतः वापरलेली, मालक थेट' असं लिहायचं आणि फोन केला की 'ती गेली, दुसरी दाखवतो'. मी गाडी शोधत होतो तेव्हा एकच माणूस चार नावांनी भेटला, प्रत्येक वेळी गाडी 'बायकोची'. असल्यांना टूलनेच पकडता येतं. चाळीस जाहिराती एका नंबरवर असतील, तर तो घरगुती विक्रेता कसा?

अडत्या
मी हाच व्यवसाय करतो आणि प्रोफाइलवर तसं लिहितो. गाडी तपासून घेणं, कागद पूर्ण करणं, कर्जाचा बोजा उतरवणं हे कोण करतं? मालक थेट विकतो तेव्हा अपघात लपवत नाही का? सरसकट शिव्या देऊ नका.

थेटमालक
तुम्ही लिहिता, बाकीचे लिहीत नाहीत. राग त्यांचाच आहे. दलाली घ्या, पण उघड घ्या.

अडत्या
ते बरोबर आहे. लपवणाऱ्यांमुळे आमचंही नाव जातं.

कलम
दलालांचा वेगळा धागा काढा. 'उघड आहे म्हणून चालतं' हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेत क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या साइटने तिथल्या जाहिराती उपसणाऱ्या थ्रीटॅप्स कंपनीला नोटीस देऊन तिचे आयपी (नेटवरचे पत्ते) अडवले, तरी त्यांनी उपसा चालूच ठेवला. २०१३ मध्ये न्यायालय म्हणालं, हा विनापरवाना प्रवेश ठरू शकतो. पुढे हायक्यू ही कंपनी लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या साइटवरची प्रोफाइलं गोळा करायची; त्या हायक्यू विरुद्ध लिंक्डइन खटल्यात २०२२ साली अपील न्यायालयाने सार्वजनिक पानं वाचण्याच्या बाजूने कौल दिला. पण त्याच वर्षी खालच्या न्यायालयाने हायक्यूने वापराच्या अटी मोडल्याचं ठरवलं. युरोपात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातून निव्वळ खासगी वापराला सूट आहे, पण इतरांची माहिती सगळ्यांना दिसेल अशी नेटवर टाकली की ती सूट जाते. हे तिथल्या न्यायालयाने २००३ मध्येच सांगितलंय. म्हणजे टोकन, तक्ता स्वतःपुरता ठेवलात तर एक गोष्ट, इथे चिकटवलात तर दुसरी.

टोकन
मी एकही तक्ता इथे टाकलेला नाही! रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे कोणती पानं प्रोग्रामने उघडू नयेत हे सांगणारी साइटची फाइल, पाळतो, दोन विनंत्यांत अंतर ठेवतो, 'नंबर दाखवा' या बटणाला हात लावत नाही.

रानवारा
तुम्ही पाळता. स्क्रिप्ट उचलून नेणारा पाळेल याची हमी कोण देणार? ती फाइल म्हणजे विनंती आहे, कुलूप नव्हे.

टोकन
मग सुरीही विकू नये कुणी. बरं, काढलेल्या जाहिराती साठवणारा भाग काढतो. झालं समाधान?

थेटमालक
अजिबात काढू नका! दलाल जाहिरात काढतो आणि दुसऱ्या दिवशी 'नवीन' म्हणून टाकतो. तेवढाच तर पुरावा असतो.

रानवारा
त्यासाठी जाहिरातींची संख्या आणि तारखा पुरतात. माझ्या घराचे फोटो कशाला हवेत?

थेटमालक
संख्या आणि तारखांवर काम भागेल. फोटो नकोत, एवढं मान्य. बाकी काही मान्य नाही.

टोकन
फोटो आणि भागाचं नाव दोन्ही वगळतो. उलट शोध ज्याला हवा त्याने चालू जाहिरातीवर हाताने करावा. पण लेख मागे घेणार नाही.