मदत हवी आहे: शिकागोच्या थंडीत डेकवरच्या कुंड्यांमध्ये ट्यूलिप-डॅफोडिल कसे जगवायचे?

अबोली

नमस्कार मंडळी,

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला, नेपरविलमध्ये टाउनहाउसमध्ये राहतो. घराभोवतीची जमीन असोसिएशनची, तिथे खणायला परवानगी नाही. त्यामुळे आमची सगळी बाग मागच्या डेकवर, कुंड्यांमध्ये. उन्हाळ्यात मिरच्या, मेथी, झेंडू, टोमॅटो भरभरून येतात. घोडं अडतं ते वसंतातल्या कंदांपाशी.

गेल्या ऑक्टोबरात ट्यूलिप, डॅफोडिल आणि क्रोकसचे कंद लावले होते. कुंड्या हिवाळाभर डेकवर, पश्चिमेच्या कठड्याला लागून होत्या. मार्च सरता सरता समोरच्यांच्या अंगणात क्रोकस उमलले, मग डॅफोडिल आले, आमच्याकडे नुसती काळी माती. एप्रिलमध्ये उकरून पाहिलं. ट्यूलिपचा कंद बोटाने दाबला की पाणी सुटायचं, तपकिरी सालीच्या आत राखाडी लगदा आणि वास सडक्या कांद्याचा. डॅफोडिलचे काही कंद हाताला टणक लागले, पण त्यांची मुळं तपकिरी पडलेली. जरा ओढलं की वरचं साल निसटून हातात यायचं आणि आत दोऱ्याएवढा धागा उरायचा. क्रोकस तर नव्हतेच. त्यांच्या जागी खड्डे, आणि कठड्याखाली कागदासारख्या सालांचा पसारा. चिनी मातीची मोठी कुंडी वरपासून खालपर्यंत तडकली ती वेगळीच.

मला कोडं पडलंय ते असं. हे कंद झोन ३-४ पर्यंत टिकतात असं पाकिटावर छापलेलं असतं (झोन म्हणजे हिवाळ्यातल्या कडाक्यानुसार पाडलेले भाग, आकडा लहान तितकी थंडी जास्त), आणि आमचा भाग अमेरिकी कृषी खात्याच्या २०२३च्या नकाशात पाच-सहाच्या सीमेवर येतो. म्हणजे थंडी सोसायला हवी होती. शिवाय या कंदांना थंडी लागतेच असंही सगळे सांगतात. मग थंडीत ठेवलं तर कुजले का? आणि आत घेतले तर फुलतील का?

आणखी एक गोष्ट मनात आहे. २०२७चा पाडवा ७ एप्रिलला आहे. गाठी, आंब्याचा डहाळा, सगळं इंडियन ग्रोसरीत मिळतं, फुलं मात्र सुपरमार्केटमधल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आणावी लागतात. गुढीच्या दोन्ही बाजूंना आपल्या हाताने लावलेली पिवळी फुलं असावीत अशी फार इच्छा आहे. एवढ्या लवकर इथे काय फुलू शकेल? डेकला पश्चिमेचं ऊन, घराला जोडलेलं गॅरेज आहे, ते गरम केलेलं नाही. कंद अजून घेतलेले नाहीत, म्हणून आत्ताच विचारते आहे.

दगडफूल

अबोली, तुम्ही कंद फोडून, मुळं ओढून पाहिलीत म्हणून नेमकं सांगता येतंय. मी विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला असतो, तुमच्यापेक्षा थोडी जास्तच थंडी.

पाकिटावरचा झोन असतो तो जमिनीत लावलेल्या कंदासाठी. जमिनीत थंडी वरून शिरते आणि खालची माती ऊब देत राहते. वर बर्फाचा थर असला तर सहा-आठ इंचांवरचा कंद हवेच्या मानाने चांगलाच सुरक्षित असतो. कुंडीला थंडी चारी बाजूंनी लागते, आणि डेकवर फळ्यांच्या फटींतून वारा खेळतो म्हणून खालूनही. आतली माती जवळजवळ बाहेरच्या हवेइतकी गार होते. ३० जानेवारी २०१९ला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरेनहाइट, म्हणजे उणे ३१ सेल्सिअस नोंदलं गेलं होतं. असा एक दिवस उघड्यावरच्या कुंडीला पुरतो. म्हणूनच कुंडीत काही हिवाळाभर बाहेर ठेवायचं तर आपल्यापेक्षा दोन झोन थंड भागात टिकणारं निवडा, असा ढोबळ नियम आहे. त्या नियमाने तुमचे ट्यूलिप जेमतेम तरायला हवे होते. त्यांना बुडवलं ते पश्चिमेच्या उन्हाने.

फेब्रुवारीत दुपारी ऊन लागलं की कुंडीची ती बाजू वितळते, रात्री पुन्हा गोठते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यात नाजूक मुळं तुटतात आणि कुंडीही तडकते. वरची माती वितळली तरी तळ गोठलेला असतो, भोकं बंद, म्हणजे पाणी उतरायला वाट नाही. कंद त्या गार पाण्यात दिवसेंदिवस बसतो. तुम्हाला लगदा मिळाला तो असा. डॅफोडिलचा कंद टणक आणि मुळं गेलेली, यावरून तर स्पष्टच दिसतं की आधी मुळं मेली, कंद नंतर कुजणार होता.

थंडी कशाला लागते हेही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ट्यूलिपच्या कंदात फुलाचा अंकुर थंडीआधीच तयार झालेला असतो. ऑक्टोबरात विकत घेतलेला कंद उभा चिरलात तर मधोमध तो दिसतो. थंडी हवी असते ती दांडा लांबण्यासाठी. २ ते ९ सेल्सिअस म्हणजे ३५ ते ४८ फॅरेनहाइटमध्ये ट्यूलिपला साधारण १२ ते १६ आठवडे मिळाले की मग उबेत दांडा सरसरून वर येतो. थंडी कमी पडली तर फूल मातीलगतच खुरटतं. या आकड्यांत गोठणं कुठेच नाही, बघा. कंदाला हिवाळा फ्रिजइतका पुरतो, फ्रीझर लागत नाही.

तेव्हा तुमचं गॅरेज हीच योग्य जागा. उबेसाठी तिथे काही लावू नका. साधा थर्मामीटर टांगा, ३५ ते ४५ फॅरेनहाइटच्या दरम्यान राहिला की झालं. उजेडाची गरज नाही. महिन्याकाठी माती बोटाने चाचपा, कोरडी लागली तरच थोडं पाणी. गॅरेजमध्ये कुंड्या सुकून मरणंही होतं, कारण पाऊस नाही म्हणून आपण विसरतो.

ज्यांच्याकडे गॅरेज नाही त्यांनी कुंड्या डेकवरून उतरवून जमिनीवर, घराच्या उत्तर किंवा पूर्वेच्या भिंतीशी एकमेकींना खेटून ठेवाव्यात आणि भोवती सुक्या पानांच्या पिशव्या रचाव्यात. ऊन नको, सावली हवी. एकदा गार झालेली माती मार्चपर्यंत सारखी गारच राहू द्यायची.

रानवारा

क्रोकस खारींनी नेले, यात शंका नाही. ट्यूलिपही नेतात. डॅफोडिलला तोंड लावत नाहीत कारण त्यात लायकोरिन हे विषारी द्रव्य असतं. मस्कारीच्या (निळ्या घोसांचं छोटं कंदफूल) वाटेलाही सहसा जात नाहीत.

लावताना निघालेली सालं वेचून कचऱ्यात टाका, त्या वासाने त्या हमखास येतात. कुंडीच्या तोंडावर अर्ध्या इंची तारेची जाळी घट्ट बसवा आणि कोंब दिसले की काढा, नाहीतर पानं तिच्यात अडकतात. तिखट भुरभुरण्याचा उपाय आपल्याकडे सगळ्यांनाच सुचतो, पण एका पावसात धुऊन जातं. गॅरेजमध्येही जाळी असू द्या, तिथे उंदीर असतात.

पारिजात

पाडव्याची कल्पना फार आवडली. ७ एप्रिल इथल्या हिशेबाने लवकरच आहे, पण गॅरेज असल्यामुळे जमेल.

जात निवडण्यापासून सुरुवात करा. उंच, मोठ्या फुलांचे डार्विन हायब्रिड ट्यूलिप आपल्याकडे एप्रिलअखेर ते मेमध्ये येतात, त्यांच्या मागे लागू नका. 'टेट-ए-टेट' नावाचा बुटका डॅफोडिल घ्या. सहा-आठ इंच उंच, एका दांड्यावर दोन-तीन फुलं, पिवळाधमक, वाऱ्यात आडवा होत नाही. कुंडीसाठी याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही. ट्यूलिप हवेच असतील तर कॉफमानियाना गटातले, ते बुटके आणि लवकर फुलणारे. विकत घेताना कंद हातात तोलून पाहा. आकाराच्या मानाने जड आणि घट्ट हवा. ट्यूलिप १२ सेंटीमीटर परिघाचा किंवा त्याहून मोठा असेल तरच घ्या. स्वस्त जाळीत मिळणारे लहान कंद बऱ्याचदा एक पान काढून थांबतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लावा. अंगणातली माती नको, पॉटिंग मिक्स आणि त्यात पर्लाइट. तळाला खापऱ्या-गोटे घालू नका, त्याने निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा जाते. कुंडीत कंद जमिनीपेक्षा दाट लावले तरी चालतात. एकमेकांना आणि कुंडीच्या कडेला टेकणार नाहीत इतकं पाहायचं. ट्यूलिप खाली, त्यावर मातीचा थर, मग टेट-ए-टेट, सगळ्यात वर क्रोकस, असं थरांनी लावलं की एकच कुंडी महिनाभर फुलत राहते. पण पाडव्याच्या कुंड्या तशा करू नका, त्यांत फक्त टेट-ए-टेट दाटीने भरा. सगळे एकदम फुलले तरच तो पिवळा डौल दिसतो.

ट्यूलिपचा कंद नीट पाहिलात तर त्याची एक बाजू चपटी असते. ती कुंडीच्या कडेकडे करून लावा. पहिलं मोठं पान त्या बाजूने निघतं आणि काठावरून बाहेर झुकतं, मध्ये फुलांना मोकळी जागा मिळते. दिसायला एवढा फरक पडतो की मी आता कधीच चुकवत नाही.

लावल्यावर भरपूर पाणी घाला आणि थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत, कुंड्या बाहेरच राहू द्या. मुळं त्याच गार हवेत फुटतात. रात्री सतत २५ फॅरेनहाइटखाली जायला लागल्या की गॅरेजमध्ये. मार्चपर्यंत थंडीचे आठवडे पुरून उरतात.

मग तारखेची जुळवाजुळव. गॅरेजमधून काढून साठ फॅरेनहाइटच्या आसपास, खिडकीच्या उजेडात ठेवल्यावर टेट-ए-टेट साधारण तीन आठवड्यांत फुलतो. बाहेर काढलात तर मार्चच्या गारठ्यात जास्त वेळ घेतो आणि बहुधा पाडवा हुकतो. म्हणून एक कुंडी १० मार्चला, एक १७ला, एक २४ला आत घ्या. घाईने फुलायला लागलेली कुंडी रात्री पुन्हा गॅरेजमध्ये ठेवली की फुलं थांबतात आणि टिकतातही. पाडव्याला सकाळी उचलून गुढीपाशी. बाहेर बर्फ पडत असला तरी दोन-तीन तासांनी त्यांचं काही बिघडत नाही.

अबोली

दगडफूल, पारिजात, रानवारा, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मुळं आधी गेली हे वाचल्यावर सगळं जुळलं. गॅरेजमध्ये आजच थर्मामीटर टांगते.

दोन शंका उरल्या. कंद सप्टेंबरातच मागवले तर ऑक्टोबरपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू का? आणि फुलं गेल्यावर कंदांचं काय करायचं?

दगडफूल

फ्रिजमध्ये नको. सफरचंद, केळी यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतला फुलाचा अंकुर मरतो, बाहेरून कंद छान दिसत राहतो आणि फूल येत नाही. कागदी पिशवीत, हवेशीर सावलीत ठेवा.

आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. डॅफोडिलचा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी आहे. घरात वडीलधारी माणसं राहायला आली असतील, त्यांना इथलं काय कुठे ते माहीत नसेल, तर स्वयंपाकघराच्या आसपासही ठेवू नका. हायसिंथ घेतलेत तर हातमोजे घाला, त्याने हाताला खाज सुटते.

भुईचाफा

मी पुण्याची. हे वाचून मोह होतोय. आमच्या गच्चीवर ट्यूलिप येईल का? काश्मीरला झबरवानच्या पायथ्याशी ट्यूलिप बाग पाहून आल्यापासून डोक्यात आहे.

दगडफूल

पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री गार असतात, पण दिवसा माती तापते. बारा आठवडे ९ सेल्सिअसखाली ती राहणार नाही. दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत ट्यूलिप दिसतात ते बहुतेक नेदरलँड्सहून आणलेले कंद असतात. आधीच थंडी दिलेले कंद तुम्हाला मिळाले तर डिसेंबरात लावून एकदा फूल बघता येईल, पुढच्या वर्षीची आशा नको.

पण तुमच्याकडे त्याहून खात्रीचे कंद आहेत. आपण अमॅरिलिस म्हणतो ते हिप्पिअ‍ॅस्ट्रम पुण्याच्या कुंडीत मार्च-एप्रिलमध्ये भोंग्याएवढी लाल फुलं देतं, थंडीत पाणी कमी केलं की झालं. फुटबॉल लिली मेमध्ये. आणि तुम्ही नाव घेतलंय तो भुईचाफा! पान नसताना तापलेल्या मातीतून थेट जांभळट-पांढरं सुवासिक फूल वर येतं. गड्डा पसरट कुंडीत लावा, हिवाळ्यात पानं वाळली की पाणी तोडा, माती हलवू नका. त्याच्यासाठी मी इथून झुरतो.

पारिजात

अबोली, दुसरी शंका राहिली. सुकलेलं फूल दांड्यासकट काढा, पानं मात्र पिवळी पडून आपोआप आडवी होईपर्यंत कापू नका, गाठीही मारू नका. त्यातूनच कंद पुन्हा भरतो. तोवर ऊन आणि पाणी चालू ठेवा. कुंडीतला ट्यूलिप दुसऱ्या वर्षी क्वचितच धड फुलतो, त्याचे कंद दरवर्षी नवे घ्या. टेट-ए-टेट मात्र टाकू नका. पानं वाळल्यावर काढून, कोरड्या जागी ठेवून ऑक्टोबरात पुन्हा लावता येतो, किंवा कोणा मैत्रिणीकडे अंगण असेल तर तिच्या जमिनीत द्या. तिथे तो वर्षानुवर्षं वाढत जाईल.

अबोली

मैत्रीण आहे, शेजारच्या लाइल गावात, आणि तिच्याकडे मोठं अंगणही आहे. तिलाही आजच धाग्याची लिंक पाठवते. टेट-ए-टेटची ऑर्डर दोघींची एकत्रच टाकू.