चार बिऱ्हाडांच्या घराची किंमत कशी ठरवावी?

प्रश्न (रत्नागिरी):
नमस्कार. चार बिऱ्हाडांचे जांभ्याचे कौलारू घर विकत घेण्याचा विचार आहे. प्रत्येकी महिन्याला भाडे ६,००० रुपये असून मालक ६० लाख सांगत आहेत. ही किंमत रास्त आहे का?

उत्तर (चिपळूण):
वर्षाचे भाडे २,८८,००० रुपये होते. त्यातून एक महिना खोल्या रिकाम्या राहतील असे धरून २४,००० आणि घरपट्टी, विमा, कौले-वाशांची दुरुस्ती यांचे ६४,००० वजा केल्यास निव्वळ २ लाख उरतात, म्हणजे ५ टक्के परतावा अपेक्षित असेल तर किंमत ४० लाख येते. दुरुस्तीचा खर्च मात्र स्वतः तपासा. मी असे एक घर भर जुलैत पाहिले, तेव्हा पाखाडीकडच्या भिंतीचा ओला चुना बोटांना लागला आणि वाशात किल्ली सहज रुतली. उन्हाळ्यात यातले काहीच दिसले नसते.

उत्तर (मालवण):
या ४० लाखांवरचे २० लाख जमिनीचे असतील, तर सातबाऱ्यावरील सर्व हिस्सेदारांची संमती आणि समुद्राच्या भरतीरेषेपासूनचे अंतर आधी पाहावे, कारण सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) नव्या बांधकामावर निर्बंध येतात. भाडेकरूंचे करारही वाचा. जुने भाडेकरू असल्यास १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेवाढ वर्षाला ४ टक्केच मिळते.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. सातबारा उद्याच काढतो.